पाणबुड्याचा मृत्यु व त्याची चौकशी

घरांत कांचेचें एखादें भांडें फुटलें म्हणजे वडील माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, "कोणी फोडलें?" ज्याच्या हातून तें फुटलें त्याला बोलणीं बसतात, तुकडे गोळा होतात, आणि प्रकरण तेथेंच मिटतें. भांडें फळीच्या अगदीं कडेला कोणी ठेविलें होतें, फळी कलती होती कीं काय, आणि त्याच फळीवरून मागल्या महिन्यांत दुसरें एक भांडें पडतां पडतां वांचलें होतें कीं काय, हें विचारण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. भांड्याच्या बाबतींत ही हयगय फारशी महाग पडत नाहीं. परंतु जेथें माणसाचा जीव जातो, तेथें "कोणी केलें?" एवढेंच विचारून थांबलें, तर आणखी जीव त्याच वाटेनें जातात. हा धडा ज्यांना फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला, अशा एका धंद्याची हकीकत आम्ही या लेखांत वाचकांपुढें ठेवीत आहों. तो धंदा म्हणजे खोल समुद्रांत तेलाच्या विहिरींवर व नळांवर काम करणाऱ्या पाणबुड्यांचा.

पाणबुड्या म्हटला कीं, एका श्वासासरशीं बुडी मारून शिंपले वर काढणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आजचा धंदेवाईक पाणबुड्या याहून निराळा. तो समुद्राच्या तळाशीं जाऊन लोखंड कापतो, सांधे जोडतो, बोल्ट आवळतो, आणि तेल वाहून नेणाऱ्या नळांची तपासणी करतो. आमच्या वाचकांना या धंद्याचें क्षेत्र पाहण्यास फार दूर जावयास नको. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर 'बॉम्बे हाय' हें तेलक्षेत्र आहे. इ. स. १९७४ मध्यें तेथें तेल लागलें. तेथून समुद्रतळावरील नळ उरणापर्यंत आले आहेत, आणि अशा नळांच्या देखभालींत पाणबुड्यांचा वाटा मोठा असतो.

या कामांतील खरा शत्रु पाणी नव्हे, दाब होय. समुद्रसपाटीवर हवेचा दाब आपल्या अंगावर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम इतका असतो. त्याला एक वातावरणाचा दाब म्हणतात. पाण्यांत दर १० मीटर खालीं गेलें कीं, तितक्याच दाबाची भर पडते. म्हणजे ८० मीटर खोल गेलेल्या मनुष्यावर नऊ वातावरणांचा दाब असतो. अशा दाबाखालीं श्वसनाचा वायु रक्तांत व मांसांत विरघळतो. दाब सावकाश कमी केला तर तो फुप्फुसांवाटे निमूटपणें निघून जातो. एकदम कमी केला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढतांच जसे बुडबुडे उसळतात, तसे ते रक्तांत उसळतात, व मनुष्य पंगु होतो किंवा मरतो. फ्रान्समधील पॉल बेर या शास्त्रज्ञानें इ. स. १८७८ मध्यें या व्याधीचें मूळ नायट्रोजन वायूच्या बुडबुड्यांत असल्याचें दाखविलें. आणि इंग्लंडांतील हॉल्डेन यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून, पाणबुड्यानें वर येतांना कोठें व किती वेळ थांबावें याचीं कोष्टकें इ. स. १९०८ मध्यें प्रसिद्ध केलीं.

पुढें खोलीवरील कामें वाढलीं, आणि प्रत्येक बुडीनंतर तासन् तास थांबत वर येणें परवडेनासें झालें. तेव्हां एक नवी युक्ति निघाली. एका विशिष्ट खोलीवर सुमारें एक दिवस राहिल्यावर शरीरांत मावेल तेवढा वायु विरघळून जातो. त्यानंतर तेथें एक दिवस राहा अथवा वीस दिवस राहा, वर येण्यास लागणारा वेळ वाढत नाहीं. अमेरिकेच्या आरमारांतील डॉक्टर जॉर्ज बाँड यांनीं इ. स. १९५७ पासून या दिशेनें प्रयोग केले. आज या पद्धतीनें पाणबुडे जहाजावरील लोखंडी दाबकोठडींत कित्येक दिवस एकसारखे राहतात. कोठडींतील दाब समुद्रतळाइतकाच ठेवलेला असतो. कामाची वेळ झाली कीं, ते कोठडीस जोडलेल्या घंटेंत शिरतात. घंटा खालीं सोडतात. काम करून ते त्याच घंटेंतून कोठडींत परत येतात. सर्व काम उरकल्यावर एकदांच त्यांचा दाब उतरवितात, आणि त्यास दर ३० मीटरांमागें सुमारें एक दिवस व वर आणखी एक दिवस असा हिशोब धरतात. कोठडीच्या जाड कांचेंतून पलीकडचा सोबती हाताच्या अंतरावर दिसतो. परंतु त्याच्यापर्यंत पोहोंचण्यास ८० मीटरांच्या पाणबुड्याला चार दिवसांची वाट चालावी लागते!

या परावलंबनाचा अर्थ काय होतो हें आपल्याच समुद्रांत दिसून आलें. ता. २७ जुलै २००५ रोजीं 'समुद्र सुरक्षा' नांवाचें जहाज बॉम्बे हाय येथील फलाटावर आदळलें. तेल व वायु यांचे उभे नळ फुटून आगीचा डोंब उसळला, व २२ माणसें प्राणांस मुकलीं. आग जहाजासही लागली होती, आणि त्याच जहाजाच्या दाबकोठडींत त्या वेळीं सहा पाणबुडे होते. आगीपासून पळून जावें तर दार उघडतां येत नाहीं. दार उघडावें तर दाबच जीव घेणार! सुदैवानें सुमारें दीड दिवसानंतर त्या सहाही जणांची सुटका झाली. ज्याचा श्वास, ऊब व दाब हीं तिन्ही दुसऱ्याच्या हातीं आहेत, त्याच्या जिवाची जोखीम त्याच्या एकट्याच्या सावधगिरीवर कशी टाकतां येईल, हा प्रश्न वाचकांनीं मनांत बाळगावा. कारण पुढील हकीकत त्याच प्रश्नाभोंवतीं फिरते.

उत्तर समुद्रांत, नॉर्वेच्या हद्दींतील फ्रिग वायुक्षेत्रांत, 'बायफर्ड डॉल्फिन' नांवाचा एक तरंगता फलाट खोदकाम करीत होता. ता. ५ नोव्हेंबर १९८३ ची पहाट. वेळ सुमारें चारची. दोन पाणबुडे कोठडींत विश्रांति घेत होते, आणि दुसरे दोघे काम संपवून घंटेंतून नुकतेच परतले होते. आंतील दाब नऊ वातावरणांचा होता. घंटा आणि कोठडी यांच्यामध्यें एक आंखूड जोडमार्ग असतो, व त्याचा सांधा बाहेरून एका भक्कम लोखंडी कड्यानें आवळलेला असतो. त्या कड्यास कामगार क्लॅम्प म्हणतात. घंटा सोडविण्याचा क्रम ठरलेला होता. प्रथम घंटेचें दार लावावयाचें. मग घंटेंतील दाब किंचित् वाढवून तें दार घट्ट बसवावयाचें. नंतर कोठडीचें दार लावावयाचें. त्यानंतर जोडमार्गांतील दाब हळूहळू सोडून तो बाहेरच्या हवेइतका करावयाचा. आणि सर्वांत शेवटीं बाहेरच्या मदतनिसानें क्लॅम्प उघडावयाचा.

पहिल्या दोन पायऱ्या यथाक्रम पार पडल्या. एक पाणबुड्या कोठडीचें दार लावण्याच्या बेतांत होता. तोंच बाहेरून क्लॅम्प उघडला गेला.

नऊ वातावरणांचा दाब क्षणाच्या एका अंशांत एकावर आला. त्यामागील जोर किती असतो याची कल्पना विद्यार्थ्यांनीं गणितानेंच करावी. आंत नऊ व बाहेर एक, म्हणजे फरक आठांचा. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा पृष्ठभागांत दहा हजार चौरस सेंटिमीटर असतात. त्यावर अशा फरकानें सुमारें ८० टनांचा रेटा पडतो. जड घंटा दूर फेंकली गेली. आंतील चारही पाणबुडे तत्काळ मरण पावले. बाहेरच्या दोघां मदतनिसांपैकीं एक ठार झाला, व दुसरा अत्यंत जखमी झाला. शवपरीक्षेंत डॉक्टरांना रक्तवाहिन्यांत चरबीचे साके आढळले. रक्तांतील वायु एकाएकीं उसळल्यामुळें त्यांत मिसळून असलेली चरबी वेगळी पडली असावी, असा त्यांनीं निष्कर्ष काढला.

चौकशी झाली. दाब उतरण्यापूर्वीं मदतनिसानें क्लॅम्प उघडला ही मानवी चूक, असा निर्णय तिनें दिला. तो खोटा होता असें म्हणतां येणार नाहीं. क्लॅम्प खरोखरच अवेळीं उघडला होता. तथापि तें कृत्य सुपरवायझरच्या हुकुमानें झालें, स्वतःच्या समजुतीनें झालें, कीं कांहीं चुकीचें ऐकूं आल्यामुळें झालें, हें निश्चित ठरलें नाहीं. बाहेरच्या माणसांना सूचना पोहोंचत त्या एका कर्ण्यावाटे, आणि भोंवतीं यंत्रांचा व समुद्राचा गोंगाट. जोडमार्गांतील दाब किती आहे हें बाहेर उभ्या असलेल्या मनुष्यास दाखविणारें दाबमापक तेथें नव्हतें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, आंत दाब असतांना क्लॅम्प उघडूंच नये अशी अडकण त्या यंत्रास बसविलेली नव्हती.

अडकण म्हणजे काय, हें आमच्या वाचकभगिनींना आम्हांपेक्षां अधिक चांगलें ठाऊक आहे. आंतून बसणाऱ्या झाकणाचा जो प्रेशर कुकर असतो, त्याचें झाकण आंत वाफ असेपर्यंत कितीही ओढलें तरी निघत नाहीं. वाफेचाच रेटा त्यास आंतून दाबून धरतो. घाईंतली सून असो कीं विसरभोळी आजी असो, कुकर कोणाच्याही स्मरणशक्तीवर विसंबत नाहीं. स्वयंपाकघरांतील भांड्यास जी बुद्धि दिलेली आहे, ती पांच माणसांचे प्राण ज्यावर अवलंबून होते त्या यंत्रास दिलेली नव्हती. अपघातानंतर घंटेच्या सांध्यास अशी अडकण असलीच पाहिजे असा नियम तेथें पक्का झाला. म्हणजे उपाय माहीत नव्हता असें नाहीं. तो सक्तीचा होण्यास पांच जीव जावे लागले.

मृतांच्या नातलगांना "तुमच्या माणसांचा मृत्यु कोणाच्या तरी चुकीनें झाला" एवढें उत्तर पुरेसें वाटलें नाहीं. पाणबुड्यांच्या संघटनेबरोबर त्यांनीं वर्षानुवर्षें हा प्रश्न लावून धरला, व यंत्रांतील उणिवा पुनः पुनः पुढें मांडल्या. अखेर २६ वर्षांनीं नॉर्वेच्या सरकारानें कुटुंबांना भरपाई दिली. एखाद्या चौकशीनें अर्धाच प्रश्न विचारला तर उरलेला अर्धा प्रश्न विधवांना व पोरक्या मुलांना विचारीत बसावें लागतें, हें या प्रकरणावरून दिसतें.

आतां पूर्ण चौकशी कशी असते तें पाहूं. तिचें पहिलें सूत्र असें कीं, जिवंतांना वांचविण्यापलीकडे कशालाही हात लावूं नये. प्रत्येक व्हॉल्व्ह उघडा होता कीं बंद, आणि किती फेरे उघडा होता, हें टिपून ठेवावें लागतें. कारण धांदलींत कोणी सहज फिरविलेला एक व्हॉल्व्ह साऱ्या तर्काची दिशा बदलून टाकतो. पाणबुड्याचें शिरस्त्राण, त्याला वायु, ऊब व बोलणें पोहोंचविणारी नाळ, टाक्यांत उरलेला वायु, हें सर्व मोहरबंद करून प्रयोगशाळेंत पाठवितात. अमेरिकेंत अशीं साधनें फ्लॉरिडांतील पनामा सिटी येथील आरमाराच्या प्रयोगशाळेकडे तपासणीसाठीं जातात. तेथें यंत्राकडून श्वास घेववून शिरस्त्राण कोणत्या खोलीवर कसें वागतें हें पाहतां येतें. पाणबुड्या व सुपरवायझर यांच्यांतील संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्यास तो पुरावा फार मोलाचा होय; कारण त्यांत शब्दच नव्हे, तर मृताच्या श्वासांची गतीही ऐकूं येते.

डॉक्टरांचें काम त्याहून नाजूक आहे. दाबाखालीं मेलेल्या मनुष्यास वर आणलें कीं, त्याच्या शरीरांत विरघळलेला वायु मृत्यूनंतरही बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. अननुभवी परीक्षक ते बुडबुडे पाहून "हा मनुष्य बुडबुड्यांनीं मेला" असें लिहून मोकळा होतो, आणि खरें कारण, मग तें दूषित वायु असो, हृदयविकार असो कीं बुडणें असो, झांकलें जातें. म्हणून या विद्येचा जाणकार शवाजवळ असावा लागतो. आणि मनुष्य किती खोलीवर होता, किती वेळ होता व कसा वर आणला गेला, हें त्यास आधीं कळावें लागतें.

यानंतर चौकशी जहाज सोडून कचेरींत शिरते. कामगार किती तास जागे होते? कामाचा परवाना कोणी दिला, व सही करणाऱ्यानें जागा पाहिली होती काय? धोक्यांची यादी त्या कामासाठीं केली होती, कीं जुन्या कामाची उतरून काढली होती? बचावाची सिद्धता होती काय? असाच प्रसंग पूर्वीं थोडक्यांत टळला होता काय, आणि टळला असल्यास तो कोणाच्या कानीं घातला गेला? क्लॅम्पच्या मुठीवरील हातापासून टेबलावरील लेखणीपर्यंत असा हा माग जातो.

असा माग काढणारी चौकशी त्रिनिदाद बेटांत झाली. ता. २५ फेब्रुवारी २०२२ रोजीं तेथील पॉइंट-अ-पिएर बंदरांत पारिया या सरकारी मालकीच्या इंधनकंपनीच्या समुद्रांतील नळावर पांच पाणबुडे एका कंत्राटदारातर्फें काम करीत होते. नळाचा व्यास ३० इंचांचा. नळांतील कांहीं तेल आधीं काढून घेतल्यामुळें आंत पोकळी राहिली होती, आणि तोंडाशीं बुच बसविलेलें होतें. तें बुच काढतांच पाचही जण पाण्यासह नळांत ओढले गेले.

हौदाची मोरी उघडून तिच्यावर तळहात ठेवला असतां तो कसा ओढला जातो, हें प्रत्येक मुलानें अनुभवलें असेल. ही ओढ मोरीची नसते. वरच्या पाण्याचा दाब अधिक व खालचा कमी, या फरकाची ती असते. पाणबुड्यांच्या धंद्यांत या दाबफरकाची भीति सर्वांत मोठी, कारण तो दिसत नाहीं व ऐकूं येत नाहीं. कळतो तेव्हां वेळ गेलेली असते. १० मीटर खोलीवर ३० इंची नळाच्या तोंडाशीं, आंत केवळ साधी हवा असेल, तर सुमारें साडेचार टनांचा रेटा उत्पन्न होतो. त्यापुढें मनुष्याचें बळ तें किती?

पांचांपैकीं एक जण सुमारें तीन तासांनीं त्या काळोख्या, तेलकट नळांतून सरपटत बाहेर आला, आणि इतर सोबती आंत जिवंत आहेत असें त्यानें सांगितलें. दुसरे पाणबुडे आंत जावयास तयार होते. परंतु कंपनीनें धोक्याच्या कारणास्तव त्यांस जाऊं दिलें नाहीं. चौघेही मरण पावले. जेरोम लिंच या विधिज्ञांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें उघड सुनावणी केली. वांचलेल्या पाणबुड्याची साक्ष साऱ्या देशानें ऐकली. आयोगाचा अहवाल इ. स. २०२४ च्या जानेवारींत तेथील पार्लमेंटपुढें आला. "बुच कोणी काढलें?" एवढ्यावर आयोग थांबला नाहीं. दाबफरकाचा धोका काम आंखतांनाच कोणी ओळखला कां नाहीं, बचावाची योजना हाताशीं कां नव्हती, आणि पहिल्या कांहीं तासांत निर्णय घेण्याचें काम कोणाचें होतें, हे प्रश्न त्यानें विचारले. कंपनीची हयगय गंभीर असून तिच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला भरण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस त्यानें केली.

येथें कोणी म्हणेल, "मग हातून चूक करणाऱ्यास कांहींच जबाबदारी नाहीं कीं काय?" आमचें म्हणणें तसें नाहीं. जाणूनबुजून नियम मोडणारा व दुसऱ्याच्या जिवाशीं खेळणारा दंडास पात्रच आहे. परंतु थकलेला, अंधारांत उभा असलेला, अर्धवट ऐकूं आलेल्या शब्दावर काम करणारा मनुष्य चुकेल, हें आधींच धरून चालणें हें यंत्र बनविणाऱ्याचें व काम सोंपविणाऱ्याचें कर्तव्य होय. शिवाय केवळ शिक्षेचीच भीति असली म्हणजे माणसें चुका लपवूं लागतात, आणि लपलेली चूक ही पुढल्या अपघाताची पूर्वतयारी असते. याच जाणिवेनें समुद्रांतील कंत्राटदारांची आंतरराष्ट्रीय संघटना अपघातांच्या व थोडक्यांत टळलेल्या प्रसंगांच्या हकीकती नांवें गाळून सर्वांस कळविते. एका जहाजावर जें घडतां घडतां राहिलें, तें दुसऱ्या जहाजावर घडूं नये, एवढाच तिचा हेतु.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें इंजिनियर होईल, कोणी डॉक्टर, कोणी जहाजावर जाईल, तर कोणी अशाच एखाद्या कागदावर सही करण्याच्या जागीं बसेल. तेव्हां आपल्या सहीच्या दुसऱ्या टोकाशीं एक मनुष्य दाराच्या आंत बसलेला आहे, आणि तें दार त्याला स्वतःला उघडतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवा. आणि पालकांनाही एक विनंति. घरीं मूल एखादी चूक होऊन आपण होऊन सांगावयास आलें, तर प्रथम तें कसें झालें हें ऐकून घ्यावें. कोणाच्या हातून झालें याचा निवाडा मागाहून करावा. खरें सांगितल्यानें उपयोग होतो, हा विश्वास ज्याला लहानपणीं घरांत मिळाला, तोच मोठेपणीं चार माणसांसमोर उभा राहून "थांबा, क्लॅम्प उघडूं नका, दार अजून लागलेलें नाहीं" असें वेळेवर म्हणूं शकेल.